गिरणीमागची ओळ

कंपनीत त्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. हे नावही भाचीमुळेच पडलेलं, आणि हल्ली त्याला त्याचाही राग येत होता.

वीस वर्षं तो एकाच व्हिडिओ गेमच्या मालिकेचं पुराण सांभाळत होता. पाच गेम निघाले. प्रत्येकात नायक नवा, गावं नवी, पण देव, शाप आणि सात दिव्यांची कथा मात्र तीच. ती सगळी त्याने एका जाडजूड वहीत हाताने उतरवली होती. एवढे संगणक असताना वही कशाला, म्हणून पोरं हसायची. पण नियम त्यानेच घालून दिला होता: वहीत नाही ते जगात नाही. लेखकांचा प्रत्येक प्रसंग आधी त्याच्या टेबलावर यायचा. पुराणाला धरून असला तर हिरवी खूण, नसला तर लाल.

सहाव्या गेमचा मुख्य लेखक आपणच, असं तो गृहीत धरून बसला होता. नेमणूक झाली भाचीची, बिट्टीची. तिला इथे चिकटवलं होतं त्यानेच. "दादा, पोरीकडे लक्ष ठेव हं," असं बहीण म्हणाली होती. आता त्याचं लक्ष तिच्यावरून हलत नव्हतं. तिच्या टेबलाशी चार माणसं जमून हसली, की त्याच्या पोटात दुखायचं. मत्सरच तो. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

आणि एका सकाळी तिने घोडचूक केली. तिच्या प्रसंगात नायक नदी ओलांडतो, आणि पलीकडच्या काठावर दिवे राखणारी म्हातारी त्याची वाट बघत बसलेली असते. म्हातारी? ती तर दुसऱ्या गेमच्या शेवटी मेली होती! सातवा दिवा वाचवायला तिने स्वतःला विझवून घेतलं होतं. वहीत पान एकशे बारावर लाल शाईत लिहिलं होतं. इतकी ढळढळीत चूक नवशिक्यानेही केली नसती.

मामाने लाल पेन उचललं. मग खाली ठेवलं आणि हिरवी खूण केली. पडू दे सगळ्यांसमोर तोंडावर, म्हणजे पाय जमिनीवर येतील. आपली नजर चुकली, असं सांगता येईल. वय झालं म्हणतील, म्हणोत.

दोन दिवसांनी बैठकीत तो प्रसंग वाचला गेला. मामा चष्मा पुसत बसला. गेम खेळून चुका हुडकणारा जाड्या लगेच म्हणाला, "थांबा थांबा. ही म्हातारी मेलीय ना?"

संचालिकाबाईंनी कागद उलटून हिरवी खूण बघितली. "मामा, हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

त्याने तोंड उघडलं, पण बिट्टीच आधी उठली. "सुटलेलं नाही, बाई. दाखवते."

तिने मालिकेतला दुसरा गेम लावला. म्हातारीच्या गावात गेली, गिरणीला वळसा घातला, पोत्यांची थप्पी ढकलली. मागच्या भिंतीवर ओळ कोरलेली होती: 'रडू नकोस. मी पलीकडच्या काठावर बसलेय.'

"मामाने लिहिलंय," बिट्टी म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. म्हातारी गेली म्हणून दोन दिवस जेवले नव्हते. मग हा म्हणाला, गिरणीमागे जाऊन बघ जा."

जाड्याने टेबलावर थाप मारली. "मामा! पंधरा वर्षांपूर्वी पेरून ठेवलंत?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या टाळ्यांसाठी तो महिनाभर जळत होता, त्याच या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ त्याच्या गावीही नव्हती. वहीचा नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला होता, तोही या पोरीने दोन घास खावेत म्हणून, आणि तेच नेमकं विसरला होता.

दुपारी बिट्टी वही आणि आपल्या प्रसंगाचा कागद घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "हिरवी खूण बघितली आणि काय बरं वाटलं, मामा! म्हटलं, याला आठवतंय. आता वहीतही लिहून टाक."

त्याने नोंद केली. शेवटचा रकाना होता, 'कुणी सांगितलं'. वीस वर्षं त्या रकान्यात एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं. आजही ते लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याने लिहिलं, 'बिट्टीने. मी विसरलो होतो.'

तिने वाचलं आणि हसली. मग हसू हळूहळू मावळलं. तिने आपला कागद पुढे ओढून त्यावरची खूण पुन्हा बघितली.

"विसरला होतास," ती म्हणाली, "तर मग ही हिरवी का केलीस, मामा?"