माझी मांडी भरली होती

मी इग्वाना बोलतोय. पाल म्हणाल तर बोलणं इथेच थांबवीन. पाल किडे खाते. आम्ही पाला खाणारी मंडळी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही मलाच नावं ठेवाल.

एका दुकानाच्या मागच्या खोलीत, उबदार पेटीतल्या अंड्यातून मी बाहेर आलो. बोटाएवढा होतो तेव्हा उस्तादांनी मला घरी आणलं. उस्ताद व्यायामशाळा चालवतात. खाली व्यायामशाळा, वर घर, घरात ते आणि त्यांची आई. मला त्यांनी काचेच्या पेटीत ठेवलं, वर दिवा लावला आणि नाव ठेवलं पैलवान! मी तेव्हा फुंकरीने उडालो असतो.

पहिली दोन वर्षं माझं जेवण आईंकडे होतं. पालेभाजी बारीक चिरून, वर भोपळ्याचा कीस, कधी जास्वंदीचं फूल. सकाळी पानांवर आणि माझ्यावर पाणी शिंपडायच्या. मी खायचो, पण खरं सांगू? मला त्या कंजूष वाटायच्या. रोज आपला पाला!

उस्तादांना तर तो पाला बघवत नसे.

"आई, पाला खाऊन कधी कुणाचं अंग भरलंय का?"

"हत्तीचं भरतं की."

"तू गप्प बस गं. प्रोटीन कुठाय यात?"

उस्तादांची एक पद्धत होती. व्यायामशाळेत नवा माणूस आला की त्याला काट्यावर उभं करायचं, वजनाप्रमाणे प्रोटीनचा हिशेब मांडायचा आणि तक्ता भिंतीवर चिकटवायचा. एके दिवशी त्यांनी मला काट्यावर ठेवलं. मी सव्वादोन किलो भरलो. माझाही तक्ता तयार झाला आणि चाळीस माणसांच्या तक्त्यांशेजारी जाऊन बसला. रोज उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. दिवसाआड कोंबडीचे तुकडे. वर त्यांच्या डब्यातली चिमूटभर पावडर. पाणी शिंपडल्याने पेटीचा तळ ओला राहतो म्हणून तेही बंद झालं.

आणि मी? मी ते अंडं मिटक्या मारत खाल्लं. उस्तादांची पावलं जिन्यावर वाजली की मान उंचावून बसायचो. आईंच्या पानांकडे ढुंकूनही बघेनासा झालो. त्या बिचाऱ्या ताट उचलून न्यायच्या आणि "करा काय करायचं ते" म्हणायच्या.

दर रविवारी उस्ताद फीत घेऊन माझी मांडी मोजायचे. वर्षभर काही फरक नाही. मग अचानक ती भरू लागली. पुढच्या रविवारी आणखी. उस्ताद मला उचलून खाली घेऊन गेले, सगळ्यांना दाखवलं. "बघा रे, शिका काहीतरी! सबब नाही, कंटाळा नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फांदीवर चढायचं सोडलं होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, जड झालोय, एवढंच.

मग चार दिवस शौचाला झाली नाही. आईंनीच हट्ट धरला, म्हणून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी माझी मांडी चाचपली. उस्ताद कौतुकाने म्हणाले, "दोन महिन्यांत कमावलीय."

"हे स्नायू नाहीत. ही सूज आहे."

मी दचकलो. उस्ताद तर हसलेच, थट्टा समजून. मग त्यांना एक्स-रे दाखवला. आमच्या किडन्या कंबरेच्या हाडांच्या आत, अगदी अडचणीत असतात. माझ्या इतक्या सुजल्या होत्या की आतड्याला वाटच उरली नव्हती. किडन्या बिघडल्या की हाडंही कमकुवत होतात, मांडीची सूज त्यातूनच आली होती.

"खातो काय हा?"

उस्तादांनी तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"अहो, हा शाकाहारी प्राणी आहे!"

"ते माहीत आहे, पण प्रोटीन..."

"याला लागतं तेवढं पानांतून मिळतं. जास्तीचं झालं की त्याचा कचरा किडन्यांनाच उपसावा लागतो. फक्त अंड्यानेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. अंगात पाणीही नाही याच्या. पण तुम्ही दोन्हीकडून मार दिलात त्याला."

उस्ताद स्टुलावर बसले. "मी दर रविवारी मोजत होतो हो," एवढंच म्हणत राहिले. आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या टेबलावर मी थिजून गेलो होतो. ज्या बाईला मी कंजूष म्हणत होतो तिने मला जगवलं होतं, आणि ज्या हाताची मी वाट बघायचो त्या हाताने... माझा अजून विश्वास बसत नाही.

गेलेल्या किडन्या परत येत नाहीत, असं बाई म्हणाल्या. उरलंय तेवढं सांभाळायचं. आता सुईने पाणी, रोज कोमट पाण्यात डुंबणं, आणि पुन्हा आईंची पानं. किती दिवस, ते बाईंनाही सांगता येत नाही. तक्ता उस्तादांनी स्वतः फाडला. पानं भरवायला तेच बसतात, एक एक पान हातात धरून. डोळे लाल असतात.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला काही भरवण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आम्हाला विचारू नका. काल उस्तादांच्या बोटांना त्यांच्या स्वतःच्या नाश्त्यातल्या अंड्याचा वास होता. ते हात धुवायला धावले, पण त्याआधीच मी तोंड उघडलं होतं.