मध्येच धरलेलं गाणं

आमचा तामाती एकदा बोलायला उभा राहिला की बसायचं विसरतो. माझा धाकटा भाऊ आहे, म्हणून मला हे म्हणायचा हक्क आहे. संसदेतल्या आमच्या माओरींसाठी राखीव जागेवर तो सहा वेळा निवडून गेला. या खेपेला कुणी उभं राहायचं हे ठरवायला सगळं कूळ मराएवर, आमच्या सभाघरात जमलं होतं. एका बाजूला तामाती आणि त्याची माणसं. समोर मेरेआना, आमच्या वारलेल्या भावाची मुलगी, ऑकलंडला वाढलेली. तिच्या बाकावर ती एकटीच.

तामातीने आपण आणलेला पूल सांगितला, दवाखाना सांगितला, मग पोरीवर घसरला. "हिला आपली भाषा तरी धड येते का? शहरातलं लेकरू! संसदेत हिला कच्ची खातील!"

जेवणासाठी भट्टीत भाजलेली रताळी निवत चालली होती आणि माझं डोकं तापत चाललं होतं. आमच्यात भाषण संपलं की बायका गाणं म्हणून त्याला दुजोरा देतात. पण बोलणारा वाहवत गेला, तर त्याच बायका मध्येच गाणं धरतात, आणि मग तो कितीही मोठा असो, थांबावंच लागतं. तामातीवर ही पाळी आजवर कुणी आणली नव्हती. मी उठले आणि गाणं धरलं. बाकीच्या जणीही हसू दाबत उठल्या. तो लालबुंद झाला, पण खाली बसला.

मेरेआना अडखळत बोलली, पण आमच्या भाषेत बोलली.

"या जागा आपल्याला पाच वर्षांपुरत्या दिल्या होत्या. दीडशे वर्षं उलटून गेली. अजून कुणी ना कुणी म्हणतंच, काढून टाका. आपण हललो नाही. तामातीकाकाही हलले नाहीत. मीही हलणार नाही. एवढंच."

आता तिच्यासाठी कुणीतरी गायला हवं होतं. गाण्याशिवाय भाषण आमच्यात अर्धंच. पण सगळ्या तामातीच्या तोंडाकडे बघत बसल्या. मीच पुन्हा उठले असते, तर ते भावाबहिणीचं भांडण ठरलं असतं. शेवटी पोरीने एकटीनेच सुरुवात केली, तिच्या बापाचं आवडतं वल्ह्याचं गाणं. घाबरून फार वर धरलं. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला.

तेवढ्यात समोरून जाड, खालचा सूर आला. तामाती काठी टेकत उठला होता. गात गातच तो मधली मोकळी जागा ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग काय, सगळं घर उठलं. माझा भाऊ आहे तो, असं मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

गाणं संपल्यावर तो तिला म्हणाला, "बापासारखंच वर धरतेस गं. संसदेतल्या तुझ्या पहिल्या भाषणाला सगळ्यांना घेऊन येतो. गाणं मी धरीन."

मग माझ्याकडे वळला. "आणि ताई, त्या दिवशी पोरीचं बोलणं संपेपर्यंत तू गप बसायचंस."