बायडीपेक्षा भारी नंबर

माझ्या धाकट्या जावेला, बायडाबाईला, फोनचा असा नंबर मिळालाय की सगळ्या गडमुडशिंगीला तो पाठ आहे. शेवटी तीनदा सात, त्याच्या आधी दोनदा पाच. झोपेतनं उठवून विचारलं तरी कुणीबी सांगंल. तिनं काय मागून घेतला नव्हता. स्टँडवर मोठी छत्री लावून कंपनीची माणसं फुकट कार्डं वाटत होती, त्यात हिच्या पदरात पडला. त्या दिवशी मी पण तिथनंच गेले होते. पण फुकटाच्या रांगेत उभं राहायची आम्हाला सवय नाही.

तेव्हापासून कुणाचं लग्न ठरू दे, कोण वारू दे, आधी फोन हिला. मग ही पदर खोचून माझ्या दारात. "आक्का, कळलं का?" त्या "कळलं का"चा मला इतका राग येतो, की कळलेलं नसलं तरी मी "कवाच" म्हणते.

तेही सोसलं. पण माझ्या लेकीला, संयोगिताला, दुसऱ्यांदा दिवस गेले, ती बातमीसुद्धा आधी हिच्याकडं आली. जावई जयसिंगपूरचे, उदयसिंह. वर मलाच म्हणतात कसे, "काकींचा नंबर तोंडात बसलाय मामी. तुमचा शोधाय लागतोय."

पोरीचं पहिलं बाळंतपण मी माझ्या घरात केलं. दुसरं सासरी. म्हणजे बातमी येणार ती फोनवर, आणि फोन येणार तो बायडीला. मी परत आजी झाले हे मला ही सांगणार. तेव्हा काय म्हणायचं? कवाच?

डॉक्टरनं दिलेली तारीख अजून लांब होती. मी आधार कार्ड घेतलं आणि मौलाच्या दुकानात गेले. स्टँडसमोर त्याचं मोबाईलचं दुकान आहे.

"मौला, नवं कार्ड दे. नंबर बायडाबाईपेक्षा भारी पायजे."

"काकू, ही काय भाजी हाय व्हय निवडून घ्यायला? कंपनी देतीया त्यातला एक घ्या."

त्यानं एकेक वाचून दाखवले. पहिला ऐकतानाच विसरले. दुसऱ्यात सातच सात, म्हणजे हिची उष्टी खाल्ल्यागत. तिसऱ्याच्या शेवटी तीन नऊ होते.

"ह्योच. तिचं सात, माझं नऊ. थोरली मी हाय."

मौलानं आधारचा नंबर घातला, मग माझ्यासमोर फोन धरला. "डोळं मिचकवा, काकू."

"मेल्या, तुझ्या आईला सांगू का?"

"फोटोला लागतंय वो! माणूस जित्तं हाय का बघत्यात."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यादेखत मी डोळे मिचकवले. मग त्यानं माझ्या फोनातलं जुनं कार्ड काढलं आणि नवं बसवलं.

"आता घरातला दुसरा एक नंबर सांगा. त्यावर आकडं येत्यात, ओटीपी म्हणत्यात. ते हितं भरलं की नंबर तुमचा."

आमच्या मालकांनी जन्मात फोन ठेवला नाही. पोरगा सम्राट कामावर, आणि त्याच्या कंपनीत फोन दारातच काढून घेतात. मौला म्हणाला, "मग आणि कुणाचा पाठ हाय?"

पाठ मला एकच होता. जाळलं तरी जाणार नाही असा. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मौलाची बोटं तोवर चालायलाही लागली होती.

"बायडाकाकींचा टाकला. मला बी पाठ हाय."

आकडे तिच्या फोनवर गेले. ते विचारायला मौलानं आपल्या फोनवरनं तिला लावलं, तर ही दुसऱ्या कुणाशी बोलत होती. ओटीपीची वेळ संपली. परत पाठवला, परत लावला. परत बोलतीच आहे.

"बघ, गरज पडली की हिला असंच बोलाय सुचतंय. भैनीच्या म्हशीची तब्येत इचारत असंल," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा उचलला. मौलानं फोनचा आवाज मोठा केला.

"बायडे, किती बोलतीस गं? तुझ्या फोनवर आकडं आल्यात, ते वाच."

"आक्का! अवो, तुमचा फोन का बंद? जावईबापू कवाधरनं तुम्हाला लावाय लागल्यात. लागंना म्हणून मग मला लावला. संयोगिता बाळंत झाली की! पोरगी झाली! दोघी बऱ्या हाईत."

आधी मला लावत होते. माझा फोन मौलाच्या काचेवर पडला होता आणि जुनं कार्ड त्याच्या शेजारी. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आकडं वाच," मी म्हणाले. तिनं वाचले, मौलानं भरले.

घरी आले तर ही दारात उभी, आणि हिच्या मागं निम्मी गल्ली. आमच्यात बाळंतपणाची बातमी आणील त्याच्या तोंडात आजीनं साखर घालायची. हे चुकवता येत नाही. मी डबा आणला.

"उघड तोंड."

तिनं उघडलं. चिमूटभर घालतात, मी मूठभर घातली. गाल फुगले, हनुवटीवरनं साखर सांडली. आता घटकाभर तरी हिचं तोंड बंद. मग बघते तर हिच्या डोळ्यांत पाणी. हिला दोन पोरं, लेक नाही. संयोगिताची वेणी लहानपणी हीच घालायची. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "फोन दे इकडं."

माझं नवं कार्ड अजून चालू व्हायचं होतं, म्हणून तिच्याच फोनवरनं लेकीला लावला.

"काकी?" लेक म्हणाली. दमलेली होती, तरी काय गोड म्हणाली.

"काकी न्हाय. आई हाय मी."

"आई! अगं, तुझा फोन..."

"नवा नंबर घेतलाय. जावयास्नी लिहून घ्याय सांग."

"सांग."

आणि मला शेवटचे तीन नऊ सोडले तर एक आकडा येईना. त्याच्या आधीचे सात आकडे कुठनं आणायचे? तेवढ्यात बायडी माझ्यासमोर हात नाचवायला लागली. माझा नंबर चालू होणार, असा कंपनीचा मेसेज नंबरासकट तिच्याच फोनवर आलेला. तिनं मघाशी दारात उभ्या उभ्या वाचून पाठ करून टाकला होता. बोलता तर येत नव्हतं. मग एकेक आकडा बोटांवर दाखवायला लागली, शून्याला मूठ. ती दाखवील तसं मी म्हणत गेले. गल्ली हसत होती. मध्येच तिचं एक बोट अर्धवट दुमडलं, सहा की सात कळेना.

"बोटं नीट उघड की गं," मी म्हणाले, "माझ्या लेकीला चुकीचा नंबर जाईल."