न लिहिलेली सकाळ

टिंग.

चमचा पेल्यावर आपटला आणि ती हातातला टॉवेल तसाच घेऊन आतल्या खोलीकडे धावली. दारातच थबकली. नवरा गेला, त्यामागोमाग त्याचा पलंगही तिथून केव्हाच हलला होता. भिंतीला घासून घासून रंग उडाला होता, तेवढा पट्टा उरला होता.

"तुला नाही बोलावलं, आई," मागून भिंगरी म्हणाली. "दूध ढवळत होते मी."

एका जागी म्हणून ठरत नाही, तेव्हा भिंगरी. हे नाव तिच्या बाबानेच ठेवलं होतं, अजून बोलता येत होतं तेव्हा. मग त्याचा आवाज गेला, पाय गेले, हात गेले. उरली उजव्या हाताची जेमतेम हालचाल आणि बोटांत अडकवलेला चमचा. पलंगाच्या दांडीवर एक टिंग म्हणजे जागा झालोय, कुशीवर वळव. लागोपाठ दोन म्हणजे चहा पाणचट झालाय. चहा त्याच्या घशाखाली उतरत नव्हता, पण बायकोच्या चहाला नावं ठेवायची खोड काही सुटली नव्हती. डोळ्यांनी हसायचा लबाड.

"दूध पी पटकन. आज मला उशीर करून चालायचं नाही," ती म्हणाली.

वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेत ती आराखडा लिहायची. येत्या दहा वर्षांत कुठल्या आजारांवर काम व्हावं, ते आज समिती ठरवणार होती. प्रत्येक प्रस्तावाच्या सुरुवातीला त्या रुग्णाची सकाळ चार ओळींत लिहायची, ही रीत तिनेच पाडलेली. उठताना काय दुखतं, बटणं कोण लावतं, पहिला घोट कसा जातो. समितीतले आकडेवाले गृहस्थ आधी चिडवायचे, "बाई, आज किती सकाळी आणल्यात? आमची एकच पुरे आहे आम्हाला!" आता मात्र तेच सगळ्यात आधी सकाळ वाचत आणि मग आकड्यांकडे वळत.

आजच्या प्रस्तावांत नवऱ्याचा आजार होता. तो मुलांमध्ये उतरतो का आणि उतरलाच तर वेळेत कसा ओळखायचा, हे शोधायचं होतं. भिंगरी जिन्यावर अडखळली की हिचा जीव का गोळा होतो, ते त्या प्रस्तावात होतं. पण तसं कुठे लिहिणार? घरचं रडगाणं ऑफिसात आणलं, असं कोणी म्हणायला नको, म्हणून तिने त्या प्रस्तावातलं एकेक विशेषण खरवडून काढलं. आणि सकाळ लिहिलीच नाही. तेवढी एकच.

प्रस्तावाची पाळी आली. ज्याचं प्रस्तावातल्या आजाराशी घरचं नातं, त्याने बाहेर बसायचं आणि इतरांनी कारण विचारायचं नाही, असा नियम. तिने पेन बंद केलं आणि उठली.

"दहा मिनिटांचं काम," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

दाराबाहेर एकच खुर्ची होती. शेजारी पिण्याच्या पाण्याचं यंत्र मधूनच घुरघुरत होतं. येणारेजाणारे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. दार पुरतं लागलं नव्हतं. आत पानं उलटल्याचा आवाज आला.

"या रुग्णाची सकाळ कुठाय?" आकडेवाल्यांचा आवाज.

पुन्हा पानं उलटली.

"दिसत नाही. राहिली असेल."

"राहील कशी? बाईंचं कधी काही राहतं का? म्हणजे नसेलच फारसं काही. रुग्णही मोजकेच आहेत. चालवून घेत असतील बिचारे."

ती अर्धी उठली. हात दारापर्यंत गेला. एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य कोणाचं म्हणायचं, आराखडा लिहिणारीचं की त्याच्या बायकोचं? दोघींना वेगळं करता करताच तर तिचा सगळा महिना गेला होता. हात मागे आला. ती खाली बसली, अंग चोरून, जणू त्या खुर्चीवर आणखीही कोणाला बसायचं होतं.

आत बोलावलं तेव्हा कोणी नजरेला नजर दिली नाही.

"पुढच्या आराखड्यात नक्की बघू हं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मनापासूनच म्हणाल्या.

पुढचा आराखडा म्हणजे भिंगरी दहावीला बसायची वेळ. तिने मान हलवली, पेन उघडलं आणि पुढच्या प्रस्तावातली दुसऱ्याच कोणाची तरी सकाळ वाचायला घेतली. आवाज जराही हलला नाही. आकडेवाले डोळे पुसत ऐकत होते.

संध्याकाळी बालवाडीच्या फाटकाशी भिंगरी गाल फुगवून उभी होती. बरोबरीच्या मुलांचे बाबा, आज्या, मावश्या एकमेकांशी बोलत पांगत होत्या. या दोघींच्या वाट्याला रस्त्याची एक कड आली.

"टीचरने मला बाहेर उभं केलं. मी बोलत होते म्हणून."

"मलाही आज बाहेर बसवलं गं."

भिंगरीचे गाल एकदम उतरले. आई आपल्याच वर्गातली निघाली, याचा आनंद तिला लपवता येईना. "तू पण बोलत होतीस?"

"नाही. मी बोलू नये म्हणून."

"काय बोलणार होतीस?"

ती खाली वाकली आणि मुलीच्या बुटाचं सुटलेलं बंद बांधू लागली. "बाबाची सकाळ कशी असायची, ते."

"टिंग?"

"हो. टिंग."

भिंगरीने पाय तिच्या हातातच राहू दिला. कधी नव्हे ती एका जागी उभी होती.

"मग तू बाहेर होतीस, तर आत टिंग कोणी केलं?"