जी.एम. साहेबांचा विनोद आणि गोपीनाथांचे गुडघे

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात जी.एम. साहेबांच्या विनोदाला न हसणारा माणूस अजून भरती व्हायचा होता. गोपीनाथ देवस्थळीही अकरा वर्षं रीतसर हसत आले होते. मीटिंगमध्ये त्यांना डुलकी लागायची, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिथे सगळेच पेंगत.

घरी मात्र मुलगी कांचन शेजारच्या मिश्राजींची नक्कल करू लागली, की गोपीनाथ खो खो हसायचे आणि रिकाम्या पोत्यासारखे खाली बसायचे.

"नार्कोलेप्सी," साकेत नगरचे डॉक्टर म्हणाले. "झोपेचाच आजार. मनापासून हसलात, की मिनिटभर अंगातला जोर जाणार. शुद्ध राहील. गोळ्या घ्या."

दाखला ऑफिसात दिला आणि दुपारपर्यंत तो टाउनशिपला तोंडपाठ झाला. संध्याकाळी साहेबांचं बोलावणं आलं.

"गोपीनाथजी, सुना है आप दिल से हँसते हैं तो गिर जाते हैं?"

"जी, सर."

साहेबांनी मनातल्या मनात अकरा वर्षं चाळली. "हमारे यहाँ तो कभी नहीं गिरे."

टेबलावर बदल्यांची कच्ची यादी होती, तीत गोपीनाथांचं नाव. घरी कांचनची बारावी होती.

"अहो, मग पडा की एकदा!" बायको सुचेता म्हणाली. "शनिवारी क्लबात जेवण आहेच."

तीन दिवस दिवाणावर तालीम चालली.

"बाबा, पहले घुटने, फिर मुंडी! तुम्ही तर डायरेक्ट झोपताय."

शनिवारी साहेबांनी माइक धरून हत्ती आणि मुंगीचा विनोद सांगितला. लॉन हसलं. गोपीनाथांनी पडायची तयारी केली आणि वर पाहिलं. साहेब, त्यांच्या मिसेस, दोन्ही डेप्युटी, झाडून सगळे त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होते. साहेबांचा चेहरा तर गॅसवरच्या दुधावर नजर ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा.

गोपीनाथांना खरंच हसू फुटलं. आधी प्लेट गेली, मग ते.

"देखा!" गवतावर पडल्या पडल्या त्यांना साहेबांचा भरून आलेला आवाज ऐकू आला. "चुटकुला ऐसा होना चाहिए!"

यादीतून नाव गेलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी नवा विनोद सांगितला, तर दोन्ही डेप्युटी खुर्चीवरून घरंगळून टेबलाखाली. साहेबांची नजर गोपीनाथांकडे वळली. पण गोपीनाथांना कणभरही हसू येत नव्हतं. नाइलाजाने त्यांनी मान खाली घातली.

टेबलाखाली दोघे डेप्युटी एकेक डोळा किलकिला करून, दुसरा अजून पडलेलाच आहे ना, हे बघत होते.

मग गोपीनाथही खाली गेले. अगदी मनापासून.