तिफन ओळखायची पैज

माहे मियाँ अब्दुल रहीम अकोटचे सुतार. तिफन, म्हणजे तीन नळ्यांतून बी पेरायचं लाकडी अवजार, करावी तर त्याईनंच, असं सारी पंचक्रोशी म्हणे. पण दोन हजार सहाच्या त्या सालात कापसानं माणसं पार खाली बसवली होती, नवी तिफन करून घेते कोण? घरात पडलेली शेवटची तिफन त्याईनं अमरावतीच्या वारसा केंद्राले देऊन टाकली. तिथं जुन्या वस्तूंचं म्युझियम हाय, अन् बाजूले तारांगण.

तिफन मांडली म्हणून केंद्रवाल्याईनं आमाले पाहाले बोलावलं. म्या म्हटलं, बरं झालं, याच फेरीत याईले डोळ्याच्या दवाखान्यात नेते. सहा महिने झाले, माणूस चहाचा कप चाचपून उचलते. मागच्या हप्त्यात लाकूड तासायचा वाकस अंगठ्यावर बसला, तं म्हणे लाकूडच वाकडं होतं. पडले तरी नाक वर!

म्युझियमच्या दारातूनच त्याईनं बोट दाखवलं. "थे पाह्य माही तिफन! कशी ऐटीत उभी हाय!"

या अल्ला! तो वखर होता. माती मोकळी करायचा वखर. तिफन तर दुसऱ्या भिंतीपाशी होती. आमच्याकडचं शेंबडं पोरगंबी हा फरक सांगते.

"थो वखर होय," म्या सांगतलं.

"मले काय समजत नाही? मस्करी केली तुही."

"बास झालं. चला दवाखान्यात."

"नाही येत, जा! मले सगळं दिसते."

म्या बी हट्टाले पेटली. आभाळात एका रांगेत तीन तारे असतात ना, त्याईले आमच्याकडं तिफनच म्हणतात. म्हटलं, "तारांगणात मले तिफन दाखवा. दाखवली तं दवाखान्याचं नाव जन्मात काढत नाही. नाही दाखवली तं गुमान माह्यासंगं यायचं."

"लागली पैज!" मियाँ म्हणाले.

आत गोल घुमटाखाली आमी खुर्च्यात मागं रेलून बसलो. दिवे विझले. पुढं बसलेली शाळेची पोरं "ओहोहो!" करून ओरडली. लगेच मियाँनी हात वर केला.

"थे पाह्य! तिन्हीच्या तिन्ही तारे. हरली तू, खुर्शीद!"

घुमट काळाकुट्ट होता. एकबी तारा निघाला नव्हता. पोरं नुसत्या अंधारालेच ओरडली होती.

पैज म्या जिंकली होती. पण सांगू कशी? म्या त्याईचा वर केलेला हात धरला अन् हळूच खाली घेतला.

त्याईनं हळू विचारलं, "निघालेच नाहीत का अजून?"

"नाही."

थोड्या वेळानं तारे निघाले, पोरं पुन्हा ओरडली. यावेळी त्याईनं मान वर केली नाही. मले रडू आवरेना. असं जिंकणं अल्लानं दुश्मनालेबी देऊ नये.

खेळ संपला. बाहेर पायऱ्या होत्या, तिथं ते थांबले. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस रस्त्यानं माह्या दहा पावलं पुढंच चालला, चारचौघात कधी जोडीनं उभा राहिला नाही. त्याईनं हात पुढं केला.

"धर," म्हणाले. "लोक पाह्यतीन तं पाहू दे. दवाखाना कोणीकडं हाय?"