खंदकाच्या तोंडावरची थमेइन

वरून इंग्रज बॉम्ब टाकत होते, खाली जपानी शिपाई येताजाता थोबाडीत देत होते, आणि या दोघांच्या मध्ये रंगूनच्या चिमिंडाईन पेठेत ऊ चॉ डिन नावाचा मुखिया होता. तिघांत दॉ प्वा यिनचा सगळ्यात जास्त राग मुखियावर. बॉम्ब निदान माणूस बघून पडत नव्हते. मुखिया मात्र यादी करायचा, आणि यादीत त्याच्या भाच्यापुतण्यांची नावं कधी चुकूनही येत नसत.

यादी होती रेल्वेच्या कामाची. घरटी एक धडधाकट पुरुष जपान्यांना द्यायचा. तो पूर्वेच्या जंगलात रूळ टाकायला जायचा आणि पेठेतून गेलेल्यांपैकी अजून एकही परत आला नव्हता. दॉ प्वा यिन विधवा, नाक्यावर माशाच्या रश्शातल्या शेवया विकायची. तिच्या घरात पुरुष एकच, वीस वर्षांचा फो तुन. चार दिवस तो अंगणातल्या खंदकात दडून होता. विमानं आली की लपायचा तो खंदक, वर ताडाचे ओंडके, त्यावर माती, आत शिरायला एकच तोंड.

मुखिया घरझडती घेत येतोय, असं शेजारच्या मासेवालीनं सांगितलं. दॉ प्वा यिननं भरदुपारी आपली जुनी थमेइन धुतली आणि खंदकाच्या तोंडावर दोरी बांधून वाळत घातली. बाईच्या कमरेला गुंडाळायचं ते वस्त्र. त्याच्याखालून पुरुष गेला की त्याचं तेज उतरलं, ताईत फुकट, मंत्र फुकट, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल.

"आई, मग मी बाहेर कसा येऊ?" आतून आवाज आला.

"आधी आत गप बसायला शीक!"

तेवढ्यात मुखिया आलाच. छातीवर गोंदलेला वाघ, गळ्यात तीन ताईत, काखेत यादी, हातात वेताची काठी.

"पोरगा कुठाय?"

"मावशीकडं गेलाय."

"कुठल्या मावशीकडं?"

"मला बहिणी पाच, साहेब. कुठली सांगू?"

मुखिया खंदकापाशी गेला आणि खिळला. "हे काय टांगलंयस? काढ!"

"ओलंय. तुम्हीच जरा बाजूला करा की."

मुखियानं काठी उचलली, आणि हीच काठी उद्या चारचौघांत मिरवायची आहे हे आठवून खाली घेतली. त्याचे कान लाल झाले.

"थांब तू. नाक्यावरचा जपानी शिपाई आणतो. त्याला असलं काही नसतं."

हे दॉ प्वा यिनच्या डोक्यातच आलं नव्हतं. जपान्याला थमेइन काय आणि टॉवेल काय! मुखिया वळला, फाटकापर्यंत गेला, आणि भोंगा वाजला.

विमानं डोक्यावरच होती. पहिला बॉम्ब रेल्वेच्या शेडवर पडला, दुसरा अलीकडं. दॉ प्वा यिन रांजणाआड पालथी पडली. तिसऱ्याला जमीन हादरली तसा मुखियानं यादी, काठी, वाघ, सगळ्यासकट खंदकात सूर मारला. ओली थमेइन त्याच्या टाळूवरून पाठीपर्यंत पुसत गेली.

पुढची दहा मिनिटं दॉ प्वा यिननं बॉम्ब मोजलेच नाहीत. आत दोघं समोरासमोर बसले असतील, एवढंच तिला सुचत होतं.

भोंगा थांबला. खंदकातून घोगरा आवाज आला, "बाई, ते काढ. मला बाहेर यायचंय."

"गेलात तसे या."

"जाताना कुणी पाहिलं नाही!"

"मी पाहिलं की. आणि आता गल्ली गोळा होतेय, ऐकू येतंय ना?"

आतून फो तुन म्हणाला, "आई, साहेब माझा हात सोडत नाहीयेत. बॉम्ब पडायला लागल्यापासून."

"धरू दे रे. साहेब, नाव खोडा."

"नुसतं खोडता येत नाही. जपानी कारण विचारतात."

"मग लिहा कारण."

"एकच चालतं. मेला म्हणून."

दॉ प्वा यिनचा हात दोरीवरच थांबला. गल्लीतली पावलं जवळ येत होती.

"लिहा," ती म्हणाली.

पेन्सिल चालली. खोडलेलं नाव त्यानं थमेइनच्या कडेनं दाखवलं. तिनं थमेइन ओढून काढली, मुखिया माती झटकत वर आला, फो तुन आतच राहिला. जाताना मुखिया हलकेच म्हणाला, "आता रड. नाक्यावरचा शिपाई येईलच चौकशीला. पोर गेल्यावर न रडणारी आई त्यालाही कळते."

मग लोकांकडं वळून त्यानं आवाज चढवला, "फो तुन गेला! शेडजवळ होता बिचारा!"

दॉ प्वा यिननं गळा काढला. पहिली दोन रडणी अगदी भिकार निघाली. नाटकमंडळीत कुणी उभंही केलं नसतं. पण मासेवाली धावत आली, तिनं गळ्याला मिठी मारली. तिचा थोरला रुळांवर गेला होता, आणि त्याच्यासाठी रडायची तिला अजून कुणी परवानगी दिली नव्हती. ती दॉ प्वा यिनपेक्षा मोठ्यानं रडत होती. मग दॉ प्वा यिनला खरंच रडू फुटलं, ते आवरेना.

"आई, पुरे ना," पायाखालून कुजबुज आली. "मी आहे."

तिनं टाच ओंडक्यावर आपटून त्याला गप्प केलं, मासेवालीला आणखी घट्ट धरलं आणि रडत राहिली.